दुधातील भेसळ आणि सेन्सर: किटलीबरोबर टँकरही तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दसरा-दिवाळी जवळ आली की दूध, खवा आणि पनीर यांवरील छाप्यांच्या बातम्या आपल्या अंकात येऊ लागतात. किती लिटर दूध जागेवर ओतून दिले आणि किती नमुने प्रयोगशाळेकडे पाठवले, एवढे त्यांत असते. त्या नमुन्यांचा अहवाल पुढे काय आला, हे वाचकाला फारसे कळत नाही. गेल्या काही वर्षांत या बातम्यांच्या जोडीने आणखी एका प्रकारच्या बातम्या येतात. अमुक संस्थेने काही सेकंदांत भेसळ ओळखणारा सेन्सर तयार केला, आता तो गावोगावच्या संकलन केंद्रांवर बसवला की प्रश्न मिटला, असा त्यांचा सूर असतो. मी महाविद्यालयात विश्लेषणात्मक रसायनशास्त्र शिकवले आहे आणि घरच्या गाई-म्हशींचे दूध गावच्या संस्थेत घालतो. त्यामुळे असा सेन्सर काय करू शकतो याची मला कल्पना आहे आणि केंद्रावरच्या यंत्राच्या एका आकड्याने दहा दिवसांच्या बिलात किती फरक पडतो याचीही. या सेन्सरचे मी स्वागतच करतो. परंतु तो कोठे, कशासाठी आणि कोणाच्या दुधावर लावायचा हे न ठरवता तो आला, तर भेसळ करणारा सुटेल आणि दोन म्हशींचा मालक अडकेल, अशी साधार भीती वाटते म्हणून हे पत्र.

आज संकलन केंद्रावर नेमके काय मोजले जाते, ते आधी पाहिले पाहिजे. पूर्वी डिग्रीसाठी, म्हणजे दुधाची घनता पाहण्यासाठी, लॅक्टोमीटर आणि फॅटसाठी गर्बरची पद्धत होती. आता अनेक ठिकाणी अल्ट्रासाउंडवर चालणारा मिल्कोमीटर असतो. ध्वनिलहरी दुधातून कशा जातात यावरून तो फॅट, घनता आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून उरलेले घनपदार्थ, यांचा अंदाज देतो. गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ हे परिमाण धरून ठरतो. २०२४ मध्ये राज्य सरकारने लिटरमागे पाच रुपये अनुदान दिले तेव्हाही आधार हाच होता. त्याखाली प्रत्येक पॉइंटला दर कापला जातो. आता या यंत्राला दुधात घनपदार्थ किती आहेत हे कळते, पण ते कशाचे आहेत हे कळत नाही. पाणी घातले की डिग्री उतरते आणि ती पुन्हा वर आणायला साखर, मीठ, युरिया, स्टार्चपासून केलेली माल्टोडेक्स्ट्रिन पावडर यांपैकी काहीही चालते. म्हणजे ज्या मोजणीवर पैसे मिळतात, तीच मोजणी भेसळीचा पदार्थ निवडून देते.

ही गोष्ट फक्त आपल्याकडची नाही. २००८ मध्ये चीनमध्ये सानलू आणि इतर कंपन्यांच्या दुधात व बाळांच्या पावडरीत मेलामाइन हे औद्योगिक रसायन सापडले, सुमारे तीन लाख मुले आजारी पडली आणि किमान सहा बालके दगावली. मेलामाइनच का? कारण दुधातील प्रथिने नायट्रोजन मोजून ठरवली जात होती आणि मेलामाइनच्या वजनाचा दोन तृतीयांश भाग नायट्रोजनच असतो. पाणी घातलेल्या दुधात ते मिसळले की कागदावर प्रथिने पुरेशी दिसत. मोजणी एका गोष्टीची आणि निष्कर्ष दुसऱ्या गोष्टीचा, ही फट जेथे जेथे राहते तेथे तेथे कोणीतरी हात घालतोच.

विद्युतरासायनिक सेन्सरचे महत्त्व येथे आहे. तो ‘एकूण घन’ न मोजता एखादा विशिष्ट रेणू किंवा आयन, म्हणजे विद्युतभार असलेला कण, शोधतो. प्लास्टिकच्या किंवा कागदाच्या पट्टीवर कार्बनची शाई छापून तयार केलेले तीन छोटे इलेक्ट्रोड, त्यांपैकी एकावर त्या पदार्थाशीच क्रिया करणारा थर, आणि त्या क्रियेतून निर्माण होणारा प्रवाह किंवा विद्युतदाब मोजणारे तळहाताएवढे यंत्र, एवढीच त्याची मांडणी असते. मधुमेही माणसाच्या घरातील ग्लुकोमीटर याच कुळातला. दुधासाठी या पद्धतीचा एक स्वाभाविक फायदा आहे. दूध अपारदर्शक आहे. त्यातील केसीन या प्रथिनाचे कण आणि फॅटचे गोळे प्रकाश विखुरतात, त्यामुळे रंगावर चालणाऱ्या अनेक चाचण्यांत आधी दूध फाडून ते गाळावे लागते. इलेक्ट्रोडला दूध पांढरे आहे की निळे याच्याशी कर्तव्य नसते. शास्त्र म्हणून हे नवे नाही. क्लार्क आणि लायन्स यांनी एन्झाइम, म्हणजे विशिष्ट जैविक क्रिया घडवणारे प्रथिन, बसवलेल्या इलेक्ट्रोडची कल्पना १९६२ मध्ये मांडली आणि युरिया मोजणारा एन्झाइम इलेक्ट्रोड गिल्बॉल्ट आणि माँटाल्व्हो यांनी १९६९ मध्ये करून दाखवला. आपल्याकडे पिलानीच्या सीरी या सीएसआयआरच्या संस्थेने ‘क्षीर स्कॅनर’ हे इलेक्ट्रॉनिक यंत्र तयार केले आणि २०१६ मध्ये तत्कालीन विज्ञानमंत्र्यांनी लोकसभेत त्याची माहिती देताना चाळीस सेकंदांत भेसळ ओळखता येते असे सांगितले होते. पन्नास वर्षांहून जुने शास्त्र हाताशी असताना गावच्या केंद्रावर अजून मिल्कोमीटरच का, याचे उत्तर कोणाच्या आळसात शोधण्यापेक्षा दुधाच्या गुणधर्मांत शोधावे, असे मला वाटते.

सर्वांत सोपे उदाहरण हायड्रोजन पेरॉक्साइडचे. दूध नासू नये म्हणून ते घातले जाते. ‘प्रशियन ब्ल्यू’ या निळ्या रंगद्रव्याचा पातळ थर इलेक्ट्रोडवर बसवला की जवळपास शून्य व्होल्टलाच पेरॉक्साइडची क्रिया होते आणि प्रवाह मिळतो. साध्या प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडला त्यासाठी बराच जास्त विद्युतदाब द्यावा लागतो आणि तेवढ्या दाबाला दुधातले मूळचे ॲस्कॉर्बिक आम्ल आणि युरिक आम्लही क्रिया करून आकडा फुगवतात. या चाचणीला काही सेकंद पुरतात. शिवाय ही चाचणी जागेवरच होणे आवश्यक आहे, आणि त्याचे कारण सहसा कोणी सांगत नाही. कच्च्या दुधात कॅटॅलेज आणि लॅक्टोपेरॉक्सिडेज ही एन्झाइम असतात आणि ती घातलेले पेरॉक्साइड हळूहळू संपवतात. सकाळी घातलेले पेरॉक्साइड नमुना जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत सापडेलच असे नाही. प्रयोगशाळा कितीही चांगली असली तरी तिच्यापर्यंत पुरावाच पोहोचत नाही. येथे केंद्रावरची पट्टी प्रयोगशाळेपेक्षा सरस ठरते. फॉर्मॅलिनचेही काहीसे असेच आहे. विश्लेषणासाठी घेतलेला दुधाचा नमुना टिकावा म्हणून त्यात फॉर्मॅलिनचे थेंब घालण्याची पद्धत जुनी आहे, आणि असा नमुना फॉर्मॅलिनच्या भेसळीसाठी तपासण्यात अर्थ उरत नाही, हे सांगायला रसायनशास्त्र शिकण्याची गरज नाही.

युरियाची गोष्ट मात्र अवघड आहे आणि वाद होणार आहेत ते यावरूनच, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. युरिया हा दुधाचा नैसर्गिक घटक आहे. निरोगी जनावराच्या दुधातही तो असतोच; केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने म्हणजे एफएसएसएआयने त्यासाठी १०० मिलिलिटरला ७० मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा ठेवली आहे. नैसर्गिक प्रमाण खाद्यावर अवलंबून असते. जनावराला मेथीघास जास्त पडला, पेंड वाढवली किंवा पशुसंवर्धन विभागाच्याच सल्ल्याने युरिया प्रक्रिया केलेला कडबा दिला, तर दुधातला युरिया वाढतो आणि त्यात शेतकऱ्याने काही मिसळलेले नसते. म्हणजे येथे ‘आहे की नाही’ असा प्रश्न नसून ‘किती आहे’ असा आहे, आणि सेन्सरची परीक्षा याच प्रश्नात होते. समजा, एखाद्या यंत्राचे वाचन खऱ्या प्रमाणाच्या पंधरा टक्के वर-खाली जाऊ शकते. ग्लुकोमीटरच्या आंतरराष्ट्रीय मानकातही साधारण एवढाच फरक चालवून घेतला जातो, म्हणजे हे काही वाईट यंत्र नव्हे. तरीही ज्या दुधात खरोखर ६२ मिलिग्रॅम युरिया आहे त्याचे वाचन ७१ येऊ शकते. प्रयोगशाळेत ते दूध पास होईल, केंद्रावर मात्र त्याच्या मालकाला चारचौघांत भेसळखोर ठरवले जाईल. खेड्यात हा शिक्का दंडापेक्षा महाग पडतो.

युरिया मोजण्याची नेहमीची पद्धत अशी: युरिएज हे एन्झाइम युरियाचे विघटन करून अमोनिया व कार्बन डायऑक्साइड तयार करते, आणि तयार झालेले अमोनियम आयन त्यांच्यासाठीच केलेले पटल, म्हणजे पातळ पडदा, असलेल्या इलेक्ट्रोडने मोजले जातात. अडचण अशी की या पटलाला अमोनियम आणि पोटॅशियम यांत पुरेसा फरक करता येत नाही आणि दुधात लिटरमागे सुमारे दीड ग्रॅम पोटॅशियम मुळातच असते. त्यावर उपाय आहे. एन्झाइम नसलेला दुसरा इलेक्ट्रोड शेजारी ठेवून त्याचे वाचन वजा करायचे. पण तेवढ्याने पट्टी महाग होते आणि तपासणाऱ्याची जबाबदारी वाढते. दुसरी अडचण तापमानाची. अशा इलेक्ट्रोडचा विद्युतदाब आयनचे प्रमाण दहापट झाले की २५ अंश सेल्सिअसला सुमारे ५९ मिलिव्होल्टने बदलतो; बल्क कूलरमधल्या, म्हणजे दूध थंड ठेवणाऱ्या टाकीतल्या, चार अंशांच्या दुधात हाच बदल ५५ असतो आणि नुकत्याच काढलेल्या धारेच्या दुधात ६१ च्या पुढे जातो. एका मिलिव्होल्टची चूक म्हणजे प्रमाणात जवळजवळ चार टक्क्यांची चूक. थंड दूध आणि कोमट दूध एकाच आकडेमोडीने तपासणारे यंत्र सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरे सांगेल, आणि भांडण मात्र संस्थेच्या सचिवाशी होईल. तिसरी अडचण इलेक्ट्रोड माखण्याची: केसीन आणि फॅट पृष्ठभागावर चिकटून बसतात आणि तीच पट्टी दुसऱ्यांदा वापरली तर प्रवाह घटतो. म्हणून पट्टी एकदाच वापरायची असते. काटकसरीच्या आपल्या सवयीत ती पुसून पुन्हा लावली जाणार नाही, याची हमी कोणी द्यावी? शेवटचा मुद्दा साठवणुकीचा. एन्झाइम असलेली पट्टी उष्णतेने निकामी होत जाते, आणि सोलापूर किंवा मराठवाड्यातला मे महिना पत्र्याच्या छपराखालच्या केंद्रात काय करतो हे सांगायला नको.

या अडचणी सुटण्यासारख्या आहेत. प्रयोगशाळांत त्या सुटल्याही आहेत. पातळ केलेला नमुना, वर संरक्षक पटल, तापमानाची दुरुस्ती, असे उपाय माहीत आहेत. माझा आक्षेप त्या लपवण्याला आहे. आमच्या भागात एका विक्रेत्याने दाखवलेल्या यंत्राच्या रंगीत पत्रकात भेसळीच्या पदार्थांची लांबलचक यादी होती. शुद्ध दुधाला शंभरांत किती वेळा चुकून ‘भेसळ’ म्हटले जाते, या एका प्रश्नाला मात्र त्यात उत्तर नव्हते आणि त्याच्याकडेही नव्हते.

हा प्रश्न किरकोळ नाही. एफएसएसएआयने मे ते ऑक्टोबर २०१८ या काळात देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने गोळा करून तपासले. आरोग्याला अपायकारक भेसळ त्यांपैकी फक्त १२ नमुन्यांत सापडली: सहांत हायड्रोजन पेरॉक्साइड, तिघांत डिटर्जंट, दोघांत युरिया आणि एकात आम्लता मारणारा पदार्थ. आता अशी कल्पना करा की भेसळीचे बाराच्या बारा नमुने पकडणारा आणि शुद्ध दुधाबाबत शंभरांत फक्त दोनदा चुकणारा सेन्सर आपल्याकडे आहे. तो बारा दोषी पकडेल आणि त्यांच्यासोबत सुमारे १२८ निर्दोष नमुनेही पकडेल. म्हणजे त्याने लाल दिवा लावलेल्या दर दहा नमुन्यांपैकी नऊ निर्दोष असतील. सेन्सर वाईट आहे म्हणून असे होत नाही; जी गोष्ट क्वचित घडते ती शोधताना हे गणित टळत नाही. त्याच नमुन्यांवर वेगळ्या तत्त्वावरची पण तेवढीच अचूक दुसरी चाचणी केली, उदाहरणार्थ युरियासाठी डीएमएबी या रसायनाने येणाऱ्या पिवळ्या रंगाची, तर आणि दोन्हींच्या चुका एकमेकींशी निगडित नसतील तर, ते १२८ दोन-तीनवर येतात. म्हणून सेन्सर ही चाळणी आहे, निवाडा नव्हे, हे केवळ म्हणून चालणार नाही. एका लाल दिव्यावर दूध परत करता येणार नाही आणि दरही कापता येणार नाही, असा स्पष्ट नियम हवा.

याच सर्वेक्षणातील आणखी दोन आकडे शहरातल्या वाचकांनीही लक्षात घ्यावेत. ३६८ नमुन्यांत अफ्लाटॉक्सिन एम१ हे बुरशीजन्य विष मर्यादेपेक्षा जास्त होते आणि ७७ नमुन्यांत प्रतिजैविकांचे अवशेष; प्रतिजैविकांच्या बाबतीत आपले राज्य वरच्या क्रमांकांत होते. भेसळ १२ नमुन्यांत आणि हे विषारी अवशेष चारशेहून अधिक नमुन्यांत, तरी आपली सगळी चर्चा भेसळीभोवती फिरते, कारण भेसळीला खलनायक असतो. अफ्लाटॉक्सिन हे ओल धरलेल्या सरकी पेंडीतून, शेंगदाणा पेंडीतून आणि मक्यातून येते. बुरशीचे विष जनावराच्या पोटात जाऊन रूप बदलून दुधात उतरते आणि दूध उकळून ते नाहीसे होत नाही. अँटिबॉडी किंवा अॅप्टामर (ठरावीक रेणूलाच चिकटणारे डीएनएसारखे तुकडे) बसवलेले विद्युतरासायनिक सेन्सर त्यासाठीही तयार होत आहेत. पण आपली मर्यादा किलोला ०.५ मायक्रोग्रॅम, म्हणजे युरियाच्या मर्यादेहून दहा लाख पटींपेक्षाही सूक्ष्म, आणि इतके बारीक काम गावच्या केंद्रावर मागण्यापेक्षा पेंडीच्या पोत्यावर चाचणी करणे शहाणपणाचे, असे माझे मत आहे. पेंडीतले मूळ विष दुधातल्यापेक्षा कितीतरी जास्त प्रमाणात असते, त्यामुळे ते सापडणेही सोपे.

आता सेन्सरला जे दिसतच नाही त्याविषयी. राज्यातील छाप्यांच्या बातम्यांत अलीकडे व्हे परमिएट पावडर आणि लिक्विड पॅराफिन ही नावे वाचायला मिळतात. पहिल्याने एसएनएफ वाढते, दुसऱ्याने फॅट. व्हे परमिएट म्हणजे दुधातलीच लॅक्टोज साखर आणि क्षार. युरिया, पेरॉक्साइड किंवा डिटर्जंट शोधणाऱ्या पट्टीला त्यात परके काहीच आढळणार नाही. पॅराफिन तर विद्युतदृष्ट्या निष्क्रिय तेल. इलेक्ट्रोडवर त्याची काही क्रियाच होत नाही. पामतेल किंवा वनस्पती तूप यांचेही तेच, त्यासाठी फॅट वेगळे काढून तपासावे लागते आणि ते काम प्रयोगशाळेचेच आहे. म्हणून सेन्सर बसवला की दूध शुद्ध, ही जाहिरात धोकादायक आहे. भेसळ करणाऱ्याला केंद्रावरच्या पट्टीवर काय काय तपासले जाते याची यादी आधीच हातात मिळाली, तर तो यादीबाहेरचे काहीतरी घालील. याला एक उतारा सुचतो: पट्ट्यांचे संच बदलते ठेवावेत, कोणत्या आठवड्यात कोणत्या पदार्थांची तपासणी होणार हे आधी जाहीर करू नये, आणि ज्या आकड्यांची एकमेकांशी सांगड असायला हवी, उदाहरणार्थ दुधाची विद्युतवाहकता, सोडियम आणि प्रथिने, त्यांची सांगड तुटली की नमुना पुढे पाठवावा. अनेक इलेक्ट्रोडांच्या एकत्रित वाचनाचा नमुना ओळखणारी, ‘इलेक्ट्रॉनिक जीभ’ म्हणून ओळखली जाणारी यंत्रे हेच करू पाहतात. मात्र त्यांना आधी आपल्या भागातील गाय, म्हैस, संकरित गाय, उन्हाळा, पावसाळा या सगळ्यांचे दूध शिकवावे लागते. युरोपातल्या होल्स्टीन गाईच्या दुधावर शिकलेले यंत्र पंढरपुरी म्हशीच्या दुधाला संशयित म्हणाले, तर दोष म्हशीचा नाही.

वाहकतेचा उल्लेख आला म्हणून एक गोष्ट सांगतो. जनावराला कासदाह झाला, ज्याला आमच्याकडे दगडी म्हणतात, की दुधातले सोडियम आणि क्लोराइड वाढते व वाहकता चढते. दूध काढण्याच्या मोठ्या यंत्रांत कासदाह लवकर कळावा म्हणून याच मोजणीचा उपयोग करतात. पण केंद्रावरच्या सेन्सरला हे दूध मीठ घातल्यासारखे दिसते. नीट वापरला तर तोच आकडा शेतकऱ्याच्या कामाचा आहे: तुमच्या दुधाची वाहकता वाढली आहे, कोणत्या म्हशीची कास दुखते ते पाहा, डॉक्टरला बोलवा. वाईट वापरला तर आजारी जनावराचा मालक मिठाचा चोर ठरतो. यंत्र तेच, फरक पावतीवर काय छापायचे याचा.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा जागेचा आहे. आतापर्यंतच्या बहुतेक प्रस्तावांत सेन्सर शेतकऱ्याच्या किटलीसमोर उभा केलेला दिसतो. तेथे तो असावाच. एकदा सगळ्यांचे दूध कॅनमध्ये मिसळले की कोणाचे कसे होते हे कळायला मार्ग राहत नाही. पण दूध तेथे थांबत नाही. गावच्या केंद्रातून ते बल्क कूलरला जाते, तेथून टँकरने शीतकरण केंद्राला किंवा प्रकल्पाला, आणि मग पिशवीत. वाटेत प्रत्येक ठिकाणी दूध कमी पडले की वाढवण्याचा मोह असतो, आणि मोठ्या प्रमाणात भेसळ करायला लागणारे भांडवल, पावडर, तेल आणि जागा चार लिटरच्या किटलीवाल्यापेक्षा वरच्या पायऱ्यांवर असण्याची शक्यता अधिक. छाप्यांत पावडरीची पोती आणि तेलाचे डबे सापडतात ते गोठ्यातल्या कडबाकुट्टीशेजारी क्वचितच. असे असताना तपासणी फक्त खालच्या पायरीवर ठेवली, तर खालून आलेले शुद्ध दूध वर गेल्यावर कसे बदलले हे विचारायला कोणी राहणार नाही. म्हणून माझी मागणी अशी की दूध ज्या ज्या ठिकाणी एका हातातून दुसऱ्या हातात जाते त्या प्रत्येक ठिकाणी तीच चाचणी, त्याच पट्टीने, देणारा आणि घेणारा या दोघांसमोर व्हावी आणि आकडा दोघांच्याही नावे नोंदवला जावा. टँकर प्रकल्पाच्या दारात आला तेव्हाची नोंद आणि तो कूलरवरून निघाला तेव्हाची नोंद एकमेकींशेजारी ठेवली, तर भेसळ कोणत्या टप्प्यावर झाली हे एका प्रयोगशाळेच्या अहवालापेक्षा लवकर कळेल. मला तर या उपकरणाचा खरा उपयोग यातच दिसतो. अचूकता थोडी कमी असली तरी येथे बिघडत नाही, कारण प्रश्न मर्यादेचा नसून दोन टप्प्यांमधल्या फरकाचा आहे आणि दोन्ही वाचने एकाच गठ्ठ्यातील पट्ट्यांची आहेत.

कायद्याच्या बाजूनेही हे बसते. अन्नसुरक्षा कायदा २००६ नुसार नमुन्याचे चार भाग करायचे असतात, त्यांतला एक अन्न विश्लेषकाकडे जातो आणि त्याने चौदा दिवसांत अहवाल द्यायचा असतो. खटला उभा राहतो तो या अहवालावर; पट्टीचा आकडा त्याची जागा घेऊ शकत नाही आणि घेऊही नये. पण कोणता नमुना विश्लेषकाकडे पाठवायचा हे आज बव्हंशी खबर, संशय किंवा सण यांवर ठरते. अन्न व औषध प्रशासनाकडील मनुष्यबळ पाहता सगळीकडे पोहोचणे त्यांना शक्य नाही. टप्प्याटप्प्याच्या नोंदी हाताशी असतील तर हेच मोजके अधिकारी योग्य टँकरसमोर जाऊन उभे राहतील. दूध भेसळ रोखण्यासाठी २०२३ मध्ये राज्य सरकारने अपर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हावार समित्या नेमल्या आहेत. त्यांच्यापुढे बैठकीत ठेवायला छाप्यांच्या संख्येपेक्षा या नोंदी अधिक उपयोगी पडतील.

यंत्राची तपासणी कोण करणार, हा प्रश्न मिल्कोमीटरच्या निमित्ताने दूध उत्पादक संघटनांनी वारंवार विचारला आहे. दूध घेणाऱ्याचेच यंत्र, त्यानेच लावलेले, त्यानेच दुरुस्त केलेले आणि त्याच्याच आकड्यावर आमचे पैसे, हा प्रकार सेन्सरच्या बाबतीत पुन्हा नको. एफएसएसएआयकडे जलद चाचणी संचांना मान्यता देण्याची व्यवस्था आहे; त्या मान्यतेशिवायचे कोणतेही उपकरण सहकारी किंवा खासगी संकलनात वापरू देऊ नये. वजनकाट्याप्रमाणे या यंत्रांचीही वैधमापन विभागाने किंवा स्वतंत्र यंत्रणेने ठरावीक काळाने, ज्ञात प्रमाणाचे दूध वापरून पडताळणी करावी. पावतीवर आकड्यासोबत पट्टीचा गट क्रमांक, तिची मुदत आणि दुधाचे तापमान छापले जावे, आणि आकडा मर्यादेबाहेर गेला तर शेतकऱ्याला त्याच वेळी दुसरी चाचणी आणि सीलबंद नमुना मागण्याचा हक्क असावा. पट्ट्यांचा खर्च लिटरच्या दरातून कापला जाऊ नये, हेही आताच ठरलेले बरे; नाही तर शुद्ध दूध घालणाऱ्यानेच भेसळीच्या तपासणीचे पैसे भरायचे, असे होईल.

ग्राहकांसाठी एवढेच की घरी सेन्सर घेण्याची घाई करू नये. स्टार्चसाठी आयोडीनचा थेंब पुरतो, आणि एफएसएसएआयच्या पुस्तिकेत अशा सोप्या चाचण्या दिल्या आहेत.

सरकारला सुरुवात करायची असेल तर सरसकट खरेदीची निविदा काढण्याआधी एक काम करावे. पश्चिम महाराष्ट्रातील एक, मराठवाड्यातील एक आणि विदर्भातील एक, असे तीन जिल्हे निवडून उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा या तिन्ही ऋतूंत किटली, कूलर, टँकर आणि पिशवी या चारही टप्प्यांवर सेन्सरची वाचने घ्यावीत आणि त्याच नमुन्यांचे प्रयोगशाळेतील निकाल शेजारी ठेवावेत. गाई-म्हशींच्या नैसर्गिक युरियाचे आणि वाहकतेचे स्थानिक प्रमाण त्यातून आपोआप हाती येईल. यंत्र किती वेळा बरोबर आले आणि किती वेळा निर्दोष दुधाला दोषी म्हणाले, हे दोन्ही आकडे यंत्राच्या नावासह प्रसिद्ध व्हावेत. दुग्धव्यवसाय विकास विभाग, अन्न व औषध प्रशासन आणि राज्यातील पशुवैद्यक व दुग्धतंत्र महाविद्यालये यांना हे काम एका वर्षात करता येण्यासारखे आहे, आणि त्याचा अहवाल आल्याशिवाय कोणत्याही संस्थेने एका पट्टीच्या आधारे सभासदाचे दूध नाकारू नये, असा आदेश तोपर्यंत काढावा, अशी विनंती आपल्या दैनिकामार्फत संबंधित विभागांना करतो.

आपला विश्वासू,
एक दूध उत्पादक व निवृत्त प्राध्यापक,
ता. वाळवा, जि. सांगली
(नाव व पत्ता संपादकांकडे)